निवडून ऐकणे

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातली गोष्ट. पदव्युत्तर वर्गावर आमचा काव्यशास्त्राचा तास चालला होता. मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने प्रश्न विचारला. आम्ही क्षणभर थांबलो, प्रश्न मार्मिक असल्याची पावती मान डोलावून दिली, आणि कवीच्या क्लेशाविषयी, भोगलेल्या दुःखाचे कवितेत येताना काय होते याविषयी, चांगली दहा मिनिटे मनापासून बोललो. वर्ग शांत होता. काही जणांनी टिपणेही काढली. तास संपल्यावर ती मुलगी टेबलापाशी आली आणि अत्यंत अदबीने म्हणाली, "सर, मी श्लेषाविषयी विचारलं होतं."

अलंकाराविषयी विचारावे आणि उत्तरात दुःख मिळावे, यातला विनोद त्या मुलीने निदान आमच्यासमोर तरी केला नाही. आम्ही हसून वेळ मारून नेली. पण घरी पोहोचेपर्यंत पुरते उमगले होते, की ही काही पहिली वेळ नव्हती. गेली दोन-तीन वर्षे आम्ही वर्गात प्रश्न ऐकत नव्हतो, प्रश्नांचा अंदाज बांधत होतो. तीस वर्षे शिकवल्यावर असा अंदाज बहुधा बरोबर येतो. बहुधा बरोबर येतो, म्हणूनच तो जास्त घातक.

कानांची रीतसर तपासणी झाली. आलेखावरची रेघ डावीकडून सपाट चालत आली होती आणि मध्यानंतर घाटातल्या रस्त्यासारखी खाली उतरली होती. तपासणाऱ्या बाईंनी शांतपणे समजावून सांगितले. बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीतले आणि जोरकस असतात; स, श, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख पटते ती वरच्या पट्टीतल्या क्षीण आवाजांवरून. वय वाढू लागले की प्रथम वरची पट्टी जाते. म्हणून माणूस बोलतो आहे हे कळते, काय बोलतो आहे ते कळत नाही. "मग आवाज मोठा करणारे यंत्र लावले की झाले," आम्ही म्हणालो. यंत्राचा उपयोग होईलच, त्या म्हणाल्या. पण आतल्या कानात शेजारशेजारचे सूर वेगळे काढण्याची जी सोय असते, तीही झिजलेली असते. गोंगाटात सगळे एकमेकांत मिसळते. अशा वेळी आवाज वाढवला, की गोंगाटही तितकाच वाढतो.

हे वाक्य आम्ही ऐकले आणि त्या कागदासह कपाटात ठेवून दिले. ते पुन्हा बाहेर निघाले ते एका जुन्या रेडिओच्या निमित्ताने, आणि ते काढणारे होते अण्णा.

अण्णा आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात. दूरसंचार खात्यातून निवृत्त होऊन त्यांना पंधरा-सोळा वर्षे झाली. हौशी बिनतारी संदेशवहनाचा, म्हणजे जगभर ज्याला हॅम रेडिओ म्हणतात त्याचा, परवाना त्यांच्याकडे चाळीस वर्षे आहे. गच्चीच्या कठड्यापासून मागच्या आंब्यापर्यंत गेलेली त्यांची तार ही आम्ही इतकी वर्षे कपडे वाळत घालायची समजत होतो. आमची हकिकत ऐकून त्यांनी सहानुभूती वगैरे काही दाखवली नाही. "संध्याकाळी या ऐकायला," एवढेच म्हणाले. ज्याला ऐकू येत नाही त्याला ऐकण्याच्या छंदाचे निमंत्रण! पण गेलो.

टेबलावरच्या यंत्रातून जे आवाज येत होते, ते ऐकून आम्हाला विलक्षण घरच्यासारखे वाटले. सगळे आवाज आमच्याच कानांनी ऐकल्यासारखे होते: वरून छाटलेले, व्यंजने झिजलेली, मधूनच बुडणारे. अण्णांनी कारण सांगितले. लघुलहरींवर जागा थोडी आणि बोलणारे फार. म्हणून हॅम मंडळी ज्या पद्धतीने बोलतात, तिच्यात आवाजाचा अगदी अरुंद पट्टा पाठवला जातो, साधारण तीनशे ते सत्तावीसशे कंपनांचा. स आणि फ तिथे कोणालाच वेगळे ऐकू येत नाहीत. म्हणून तर नाव सांगताना प्रत्येक अक्षरासाठी एक ठरलेला शब्द उच्चारायचा: एससाठी सिएरा, एफसाठी फॉक्सट्रॉट. ऐकू आले नाही तर तसे सांगायचे आणि पुन्हा विचारायचे. थोडक्यात, त्या सभेत सगळेच आमच्याएवढे बहिरे होते आणि त्याची लाज कोणालाच वाटत नव्हती. आपलाही एक रेडिओ हवा, हे आम्ही त्या संध्याकाळीच ठरवून टाकले.

या छंदाचा इतिहास आपल्याला अगदीच परका नाही. १९४२च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूमिगत काँग्रेस रेडिओ सुरू केला. ४२.३४ मीटर ही त्याची लहरलांबी. आजच्या भाषेत सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ, म्हणजे हॅम मंडळींच्या आजच्या चाळीस मीटरच्या पट्ट्यातली नेमकी जागा. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी छापा घालून तो बंद पाडला, तेव्हा उषाताई अवघ्या बावीस वर्षांच्या होत्या. पुढे २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम केंद्र चालवण्यासाठी पोर्ट ब्लेअरला गेलेले होते. इतर संपर्क तुटल्यावर त्यांच्या यंत्रांवरून निरोप गेले. बोलणाऱ्यांच्या या कथा सर्वांना ठाऊक असतात. पण अशा प्रत्येक कथेत दुसऱ्या टोकाला कोणीतरी कान लावून बसलेले असते, त्याचे नाव राहत नाही. नवविधा भक्तीत श्रवण पहिले आणि कीर्तन दुसरे; समर्थांनीही दासबोधाच्या चौथ्या दशकाचा आरंभ श्रवणानेच केला आहे. हॅम मंडळींचा क्रमही तोच. बोलायला परीक्षा आणि परवाना लागतो, आणि त्याआधी पुष्कळ दिवस नुसते ऐकायचे असते.

असो. आमची मर्यादा पंधरा हजार रुपयांची होती. एवढ्या पैशांत नवा, चांगला, टेबलावर ठेवायचा रिसीव्हर मिळत नाही. तेव्हा जुना घेणे क्रमप्राप्त होते. पुढचे तीन महिने आम्ही जुन्या यंत्रांच्या मागे हिंडलो. तो प्रवास थोडा विस्ताराने सांगतो, कारण निवड कशी करावी याचा धडा त्यातच आहे.

पहिले प्रेम बसले ते पुण्याच्या जुन्या बाजारात. एका रविवारी कुलपे आणि पितळी नळांच्या शेजारी हॅलिक्राफ्टर्स कंपनीचा एस-३८ दिसला. शिकागोत १९४६ साली बाजारात आलेले हे यंत्र. त्याची पेटी रेमंड लोवी या नामवंत आरेखनकाराने घडवली होती. अर्धवर्तुळाकार तबकड्या, काळा पत्रा, आत काचेच्या झडपा. आम्ही पाकीट काढलेच होते. अण्णांनी हात धरला. "सर, याच्यात ट्रान्सफॉर्मर नाही. घरातली वीज थेट आतल्या सांगाड्याशी जोडलेली. त्यातून हा अमेरिकेच्या एकशेपंधरा व्होल्टचा. प्लग उलटा बसला आणि पत्र्याला हात लागला, तर वहिनींना मला तोंड दाखवता यायचं नाही." रूपावर भाळून संहिता विकत घेऊ नये, हा पाठ मिळाला.

दुसरा उमेदवार आयकॉम कंपनीचा आर-७१, १९८०च्या दशकातला. आकड्यांची खिडकी, स्मृतीत साठवलेली केंद्रे, उत्तम फिल्टर. विकणारा सज्जन होता. त्याने आपणहून सांगितले, की या यंत्राचे कामकाज चालवणारी आज्ञावली एका छोट्या पाटीवर असते आणि ती तिथे टिकून राहते ती शेजारच्या नाण्याएवढ्या बॅटरीच्या जोरावर. बॅटरी संपली की यंत्र नुसती केंद्रे विसरत नाही. आपण रेडिओ आहोत हेच विसरते. त्यावर उपाय आहेत, बदली पाट्याही कोणी कोणी बनवल्या आहेत. पण आमच्या वयाच्या माणसाने रोज रात्री समोर ठेवून बसावे असे हे यंत्र नव्हे. आम्ही नमस्कार करून निघालो.

तिसरा सोनीचा आयसीएफ-एसडब्ल्यू ७६०० जीआर. हातात मावणारा, २००१ साली आलेला आणि आता बंद झालेला. नवख्याने तो जुन्यात मिळाला तर खुशाल घ्यावा. हॅमचे बोलणे त्यावर उलगडते, प्रवासात नेता येतो, बिघडायला फारसे काही नाही. फक्त अशा छोट्या यंत्राला आंब्यापर्यंतची तार जोडली, की त्याची अवस्था लग्नघरातल्या नव्या सुनेसारखी होते. चारी बाजूंनी हाका, आणि नेमकी कोणाची ऐकावी ते कळत नाही. आम्हाला तार तर अण्णांचीच मिळणार होती.

चौथा पर्याय आमच्या भाच्याने सुचवला. संगणकाला लावायची अंगठ्याएवढी डबी, चार-पाच हजारांत. पडद्यावर सगळा पट्टा रंगीत धबधब्यासारखा वाहताना दिसतो. बोट ठेवाल ते केंद्र ऐका, हवा तेवढा अरुंद फिल्टर लावा. खरे सांगायचे तर हिशेबाने पाहता तेच घ्यायला हवे होते, आणि कोणी सल्ला विचारला तर आम्ही आधी तेच सांगू. त्याहून स्वस्त मार्गही आहे. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाने २००८ पासून आपला रिसीव्हर इंटरनेटवर जगाला मोकळा ठेवला आहे. विकत घेण्याआधी महिनाभर त्यावर कान तयार करावा. आम्हीही तो केला. पण तिथे ऐकू येते ते तिकडचे आकाश. आणि पडद्यावर केंद्र आधी दिसते, मग ऐकू येते. आमचे आयुष्य डोळ्यांनी वाचण्यात गेले होते, आणि कानाचे काम डोळ्यांवर ढकलण्याची सवय मोडावी म्हणून तर हा सगळा खटाटोप होता.

जुना ट्रान्सीव्हर, म्हणजे बोलणे-ऐकणे दोन्ही करणारे यंत्र, घ्यावा का, असेही मनात आले. अण्णांनी तो विषय जागीच संपवला. परवाना नसताना प्रक्षेपक घरात बाळगणे कायद्यात बसत नाही.

या तीन महिन्यांत अण्णांनी आम्हाला एक परीक्षा शिकवली, ती इथे नोंदवतो. यंत्र सुरू करून खरखर ऐका. मग मागची एरियलची तार काढा. खरखर कमी झाली का? झाली असेल, तर याचा अर्थ ती आकाशातली होती आणि यंत्राला ती ऐकू येत होती. आकाशाची खरखर ज्याला ऐकू येते, त्याला आणखी तिखट कान देऊन काय साधणार? जास्त खरखर ऐकू येईल, इतकेच. विक्रेते सांगतात ती संवेदनक्षमता. लघुलहरींवर ती बहुतेक सगळ्या बऱ्या यंत्रांत गरजेपुरती असतेच. कस लागतो तो निवडक्षमतेचा. दोनशे किलोहर्ट्झच्या चिंचोळ्या पट्ट्यात डझनभर माणसे बोलत असताना शेजारच्याला गप्प करून हवा तोच आवाज पुढे आणायचा.

आपल्या भाषेने इथे किती नेमका शब्द ठेवला आहे! निवडणे म्हणजे पसंत करणे, आणि निवडणे म्हणजे मेथीच्या जुडीतल्या काड्या आणि पिवळी पाने बाजूला काढणे. घरातल्या बायका तांदूळ निवडतात तेव्हा त्या तांदूळ वेचत नाहीत, खडे वेचतात. ऐकणेही तसेच आहे. आम्ही साहित्यवाले मात्र संवेदनशीलतेचे फार कौतुक करतो. सहृदय कोण, कोणाला किती सूक्ष्म कंपने जाणवतात, यावर आमच्या परिसंवादांचे दिवसच्या दिवस जातात. त्या कंपनांतली खरखर कोणती आणि कवितेची कोणती, हे वेगळे काढणारा वाचक आम्ही घडवतो का, हा प्रश्न अण्णांच्या त्या परीक्षेनंतर मनातून जाईना. आणि त्या बाईंचे कपाटात ठेवलेले वाक्यही तेव्हाच परत आले. आमचा कान मंद झाला होता हे खरे. पण त्याहून मोठे दुखणे, त्याला खडे वेचता येत नव्हते.

शेवटी यंत्र मिळाले ते डोंबिवलीत. वारलेल्या सहकाऱ्याला हॅम मंडळी 'सायलेंट की' म्हणतात, मुकी झालेली कळ. अशाच एका गृहस्थांचा संग्रह त्यांचा मुलगा योग्य हाती जावा म्हणून विकत होता. त्यात याएसू कंपनीचा एफआरजी-७ होता. हे जपानी यंत्र १९७६ साली आले. इंग्रजी बोलणारे श्रोते त्याला लाडाने फ्रॉग म्हणतात, आणि खरोखरच तो एखाद्या भल्याथोरल्या बेडकासारखा पसरून बसलेला असतो. अर्ध्या मेगाहर्ट्झपासून जवळजवळ तीसपर्यंत सगळे ऐकतो. स्मृती नाही, संगणक नाही. घरच्या विजेवर चालतो आणि टॉर्चचे आठ मोठे सेल घातले तर त्यांवरही.

त्याच्या पोटातली युक्ती मात्र ऐकण्यासारखी आहे. जुन्या रेडिओचा सनातन रोग म्हणजे सरकणे. आतला आंदोलक तापला की त्याची कंप्रता हळूहळू ढळते, आणि लावलेले केंद्र हातून निसटते. दक्षिण आफ्रिकेच्या ट्रेव्हर वॅडली या अभियंत्याने यावर जो उपाय काढला, तो १९५०च्या दशकात रॅकल कंपनीच्या आरए-१७ या ख्यातनाम रिसीव्हरमध्ये आला आणि पुढे या गरिबाघरच्या बेडकात. वॅडलीने आंदोलकाला सुधारण्याचा हट्ट सोडून दिला. त्याने तोच ढळणारा आंदोलक दोनदा वापरला. पहिल्या टप्प्यात त्याची चूक संकेतात मिळते, दुसऱ्या टप्प्यात तीच चूक वजा होते. वाणी आधी रिकामे भांडे तागडीत टाकून धडा करतो आणि मग त्यात तेल ओततो, तसेच काहीसे. भांड्याचे वजन किती, हे कोणालाच ठाऊक असावे लागत नाही; ते दोन्हीकडे सारखे असले की पुरे. आपल्या यंत्रात दोष आहे हे मान्य करून तो हिशेबात धरण्याची ही रीत आम्हाला फार आवडली. सज्जन समीक्षकही आपल्या पूर्वग्रहाचे हेच करत असावेत.

अण्णांनी यंत्राची उलटतपासणी सुरू केली. आधी अर्धा तास नुसते तापू दिले. मग १० मेगाहर्ट्झवर चीनच्या बीपीएम या कालसंकेत केंद्राची टिकटिक लावली आणि चहा होईपर्यंत ती जागची हलते का ते पाहिले. प्रत्येक मूठ फिरवून करकर ऐकली. एरियल काढली, खरखर घटली. शेवटी झाकणाचे स्क्रू काढून ते आत डोकावले आणि आम्हालाही डोकावायला लावले. "बघा, किती हात फिरलेत ते."

ते दृश्य आम्हाला अगदी परिचयाचे होते. जुनी पोथी अभ्यासाला घेतली की मूळ किती, लेखनिकाची चूक कुठे, नंतर कोणी काय घुसडले, हे शोधावे लागते. पाठचिकित्सेत आपण त्याला प्रक्षेप म्हणतो. इथेही प्रक्षेप होते. कारखान्यातले सांधे बारीक आणि चकचकीत. नंतरच्या दुरुस्तांचे जाड, मंद. दोन कपॅसिटर कोणीतरी बदलले होते, बाकीचे जुनेच होते आणि एकाचे डोके फुगले होते. आणि एका कोपऱ्यात एक परकी चौकोनी डबी नीट बसवलेली होती. अण्णांचा चेहरा उजळला. मूळच्या एफआरजी-७ मध्ये सहा किलोहर्ट्झ रुंदीचा एकच फिल्टर असतो; गाण्यासाठी ठीक, पण हॅमच्या गर्दीसाठी फार सैल. गेलेल्या गृहस्थांनी त्यात अरुंद फिल्टर बसवून मागे एक छोटी कळ दिली होती. मूळ संहितेचा आग्रह धरणारा संग्राहक या कारणाने किंमत पाडील. आमच्या लेखी मात्र ती प्रक्षिप्त ओवी मुळापेक्षा सरस होती, कारण मुळाला जे येत नव्हते ते तिला येत होते.

मुलाने अठरा हजार सांगितले. घासाघीस करायला अण्णांनी मनाई केली होती, "गेलेल्या माणसाच्या वस्तूवर भांडू नये, काय बदलायला लागेल तेवढं सांगावं." आम्ही कपॅसिटरचे सांगितले. मुलगा थोडा वेळ त्या यंत्राकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "काका, चौदा द्या. फक्त रोज लावत जा." तबकडीच्या काचेखाली कागदाची एक बारीक पट्टी चिकटवलेली होती. तिच्यावर पेन्सिलीने लिहिले होते: अधिक चार. काटा जो आकडा दाखवील त्यात चार किलोहर्ट्झ मिळवावेत, अशी मागच्या वाचकाची समासातली टीप. ती आम्ही काढलेली नाही.

घरी आणल्यावर आठ दिवस घोर निराशा झाली. अण्णांच्या तारेचा फाटा आमच्या खिडकीपर्यंत आला होता, कपॅसिटर बदलून झाले होते, आणि ऐकू येत होती फक्त एक अखंड घरघर. एलईडीचे दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर; साऱ्या इमारतीचा तो श्वास होता. मग एका गुरुवारी सकाळी देखभालीसाठी वीज गेली. आम्ही आठ सेल भरले आणि सहज सुरू केले. घरघर नव्हती. सात मेगाहर्ट्झवर, चाळीस मीटरच्या पट्ट्यात, दोघे जण बोलत होते. एकाच्या बोलण्याला रत्नागिरीकडचा हेल होता, दुसरा विदर्भातला असावा. शेजारीच तिसरा कोणी मोठ्याने बोलत होता. आम्ही मागची छोटी कळ दाबली, आणि तो तिसरा दार लोटून घ्यावे तसा बाहेर राहिला.

त्या दोघांनी नमस्कारानंतर पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर आपल्याला समोरचा कसा ऐकू येतो ते एकमेकांना सांगितले. हॅमच्या शिष्टाचारात हे आधी करायचे असते. त्याचे दोन आकडे असतात. पहिला, बोलणे किती उकलते त्याचा. तो एक ते पाच. दुसरा, संकेत किती जोरदार आहे त्याचा. तो एक ते नऊ. दोन्ही वेगळे. संकेत नऊ असूनही उकल दोन असू शकते, आणि अगदी क्षीण संकेतही अक्षरन् अक्षर उकलू शकतो. रत्नागिरीकर म्हणाला, तुमचा जोर चांगला आहे, पण उकल तीनच. नाव पुन्हा सांगा. विदर्भातल्या गृहस्थांनी न रागावता, एकेक अक्षर सुटे करून, नाव पुन्हा सांगितले.

सेल मंदावेपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो. त्या वर्गातल्या दहा मिनिटांचा उलगडा आम्हाला आता होत होता. अण्णांनीच सांगितले होते, की अगदी शेजारी बलवान प्रक्षेपक असला तर चांगला रिसीव्हरही दूरच्या आवाजाला बहिरा होतो. आमच्या शेजारचा तो बलवान प्रक्षेपक म्हणजे आमचीच तीस वर्षांची व्याख्याने. कवी म्हटला की क्लेश आलाच, हे इतक्या वेळा बोलून झाले होते, की मागच्या बाकावरचा क्षीण श्लेष त्याखाली सहज दबला. हे काम एकट्या कानाच्या झिजेचे नव्हते. आणि त्यानंतरही समोरच्याला 'तुझे उकलले नाही' एवढे तीन शब्द सांगायला आम्ही तयार नव्हतो. मान डोलावणे सोपे होते. म्हणजे वर्षानुवर्षे आम्ही प्रत्येकाला खोटा अहवाल देत होतो: जोर नऊ, उकल पाच, पुढे चला.

पुढच्या सोमवारी वर्गात गेल्यावर आम्ही हे सगळे सांगितले. कानांचा आलेख फळ्यावर काढून दाखवला. तुमचे आवाज पोहोचतात, शब्द उकलत नाहीत. तेव्हा बोलताना समोर या, ओरडू नका, सावकाश बोला, आणि मी पुन्हा विचारले तर पुन्हा सांगा. हे बोलताना घसा थोडा दाटला, हे कबूल करतो. मुलांनी ते इतक्या साधेपणाने घेतले, की आपण एवढी वर्षे नेमके काय लपवत होतो, असा प्रश्न पडला. ती विद्यार्थिनी पहिल्या बाकावर येऊन बसली आणि तिने आपला जुना प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी आम्ही तो दोनदा ऐकून घेतला, आणि मगच श्लेषावर बोललो. वीस मिनिटे लागली. दहा मिनिटांनी तिने मध्येच हात वर करून, एक उदाहरण उकलले नाही, असे सांगितले.

श्रवणयंत्रही घेतले आहे. ते मात्र नवे घ्यावे लागले. त्यात जुना माल मिळत नाही.